योनाचा राग आणि सह्याद्रीचा इशारा

केरळच्या इडुक्की जिल्ह्यात एका जिवंत माणसाची प्रेतयात्रा निघाली होती. पी. टी. थॉमस हे तिथले काँग्रेसचे खासदार. पश्चिम घाटाबद्दल पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने दिलेला अहवाल योग्य आहे, तो स्वीकारायला हवा, असे ते जाहीरपणे म्हणत होते. त्यांच्या मतदारसंघात ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती मोठी, आणि थॉमस स्वतः त्याच समाजातले. त्याच समाजाने त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली आणि तीत धर्मगुरूही चालले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही. अहवालाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘हाय रेंज संरक्षण समिती’चे जॉइस जॉर्ज डाव्या आघाडीच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून तिथून निवडून आले. थॉमस डिसेंबर २०२१ मध्ये वारले. धार्मिक विधी न करता दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती आणि तसेच झाले.

संकटाची सूचना देणारा माणूस लोकांना शत्रू का वाटतो? लोक अडाणी असतात, किंवा खाणमालक आणि बिल्डर त्यांना भडकवतात, ही दोन उत्तरे शहरात बसून देणे सोपे आहे. दुसऱ्या उत्तरात तथ्यही आहे. पण इडुक्कीत रस्त्यावर उतरलेले बहुतेक लोक वेलची, मिरी आणि रबर पिकवणारे छोटे शेतकरी होते. त्यांना आपले डोंगर कोसळावेत असे वाटत नव्हते. त्यांचे ऐकून घेतल्याशिवाय या वादाच्या मुळाशी जाता येत नाही.

आधी अहवालात काय होते ते पाहायला हवे, कारण त्यावर भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचला होता. मार्च २०१० मध्ये, जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना, केंद्राने ही समिती नेमली. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सहा राज्यांतून जाणाऱ्या, सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्याचा विचार करून तिने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. सगळा पश्चिम घाट संवेदनशील मानावा, पण सगळीकडे सारखे निर्बंध लावू नयेत, अशी तिची मांडणी होती. घाटाचे तीन स्तर पाडले होते. पहिल्या, सर्वांत संवेदनशील स्तरात नव्या खाणी नकोत, मोठी धरणे नकोत, सर्वाधिक प्रदूषण करणारे उद्योग नकोत आणि चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. शेतीबद्दलही सूचना होत्या: रासायनिक कीटकनाशके हळूहळू सोडावीत, तीव्र उतारावर दरवर्षी माती उकरावी लागणारी पिके कमी करावीत. आणि या सगळ्यावर एक महत्त्वाची अट होती. समितीने आखलेल्या सीमा कच्च्या आहेत. पक्क्या सीमा आणि नियम ग्रामसभांपर्यंत जाऊन, लोकांशी बोलून ठरवावेत.

मंत्रालयाने हा अहवाल कपाटात ठेवला. माहितीच्या अधिकारात मागितला तेव्हाही तो दिला नाही. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, तेव्हा मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि मे महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. शेकडो पाने, सगळी इंग्रजीत. ज्या माणसाच्या शेताबद्दल तो लिहिला होता, त्या माणसापर्यंत तो पोहोचण्याआधी अफवा पोहोचल्या. घरे सोडावी लागतील, जमिनीचे पट्टे मिळणार नाहीत, शेतीच बंद होईल. आधी लपवलेला आणि मग न समजणाऱ्या भाषेत हाती आलेला कागद माणसाला धमकीसारखाच वाटणार.

इडुक्कीच्या माणसाकडे तर घाबरायला इतिहासाचा आधार होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला आणि त्रावणकोर संस्थानात अन्नाची टंचाई पडली. तेव्हा सरकारनेच ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणत डोंगरातल्या जमिनी लागवडीसाठी खुल्या केल्या. खालच्या भागातली कुटुंबे मलेरिया आणि हत्तींना तोंड देत वर गेली, स्थिरावली. १९६१ मध्ये इडुक्कीच्या धरणप्रकल्पासाठी सरकारी यंत्रणेनेच अय्यप्पनकोविल भागातून हजारो लोकांना उठवले आणि अमरावती नावाच्या जागी नेऊन सोडले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी तिथे उपोषण केले, तेव्हा कुठे त्या हालअपेष्टांकडे लक्ष गेले. एकदा बोलावून घेणारे आणि एकदा हाकलून देणारे सरकार पन्नास वर्षांनी ‘तुमचा डोंगर संवेदनशील आहे’ असे सांगू लागले, तर ऐकणाऱ्याने त्यातून काय समजावे?

म्हणून इथे तीन वेगवेगळे वाद एकमेकांत अडकले होते, आणि ते सोडवून पाहिले पाहिजेत. पहिला वाद सत्याचा: डोंगर खरोखर धोक्यात आहेत का? दुसरा न्यायाचा: डोंगर वाचवण्याची किंमत कोण मोजणार, उतारावरचा शेतकरी की खाणीतून नफा काढणारा आणि धरणाची वीज वापरणारे शहर? तिसरा अधिकाराचा: हे ठरवणार कोण? केरळमध्ये बहुतेकांची तक्रार दुसऱ्या आणि तिसऱ्या वादातली होती; पण ती मांडायला जागाच नसल्याने लोक पहिल्यावर तुटून पडले आणि इशाराच खोटा आहे असे म्हणू लागले. पर्यावरणाच्या प्रश्नावर जगभर हेच घडते. किंमत आपल्या एकट्याच्या माथी येणार असे दिसले की माणूस सत्यालाच नकार देतो. आणि ज्यांना ती किंमत मोजावी लागणार नसते, ते त्याच्या नकाराला अज्ञान म्हणून मोकळे होतात.

इडुक्कीचे बिशप मॅथ्यू आनिकुळिक्काट्टिल विरोधाच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. आपल्या माणसांच्या पाठीशी राहणे हे धर्मगुरूचे काम आहेच. पण आणखी एक काम त्याचेच असते: लोकांच्या भीतीतला खरा भाग कोणता आणि अफवेचा कोणता, हे निवडून देण्याचे. ते काम झाले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये आंदोलन इतके पेटले की कोझिकोड जिल्ह्यातल्या तामरशेरी भागात वनखात्याचे कार्यालय जाळले गेले. तोवर गाडगीळ अहवाल बाजूलाही पडला होता. सरकारच्या टेबलावर होता तो केंद्रानेच नंतर नेमलेल्या के. कस्तुरीरंगन समितीचा, बराच सौम्य केलेला अहवाल. रस्त्यावर मात्र दोन्ही नावे एकाच दमात घेतली जात होती.

ज्या बायबलवर त्या गावांतली प्रवचने होत, त्यातच इशाऱ्याबद्दलची एक विलक्षण कथा आहे. देव योनाला निनवे या मोठ्या नगरात पाठवतो. चाळीस दिवसांत नगराचा नाश होईल, एवढेच त्याने सांगायचे असते. योना आधी पळ काढतो, माशाच्या पोटात जातो, शेवटी निनवेत येऊन सांगतो. आणि लोक चक्क ऐकतात. राजा सिंहासन सोडून राखेत बसतो, माणसांबरोबर जनावरांनाही गोणपाट नेसवले जाते, सगळे उपास करतात. देवाचे मन बदलते आणि नगर वाचते. यावर योना संतापतो. आपण सांगितलेले घडले नाही, आता आपली किंमत काय राहिली? तो नगराबाहेर जाऊन बसतो. त्याच्या डोक्यावर सावली धरणारा वेल रात्रीत वाढतो आणि दुसऱ्या दिवशी वाळतो, तेव्हा तो मरण मागू लागतो. देव त्याला विचारतो: या वेलासाठी तुला एवढे वाईट वाटते, मग ज्या नगरात एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि कितीतरी जनावरे आहेत, त्याच्यासाठी मला वाटू नये का? ग्रंथ या प्रश्नावरच संपतो.

आपल्याकडच्या कथांतले इशारे वेगळ्या वळणाचे आहेत. विदुर द्यूताआधी धृतराष्ट्राला बजावतो, बिभीषण रावणाला सीता परत करायला सांगतो. दोघांचेही कोणी ऐकत नाही आणि दोघेही खरे ठरतात. महाभारताच्या अखेरीस खुद्द व्यास बाहू उंचावून आपले कोणी ऐकत नाही अशी खंत करतात. या कथांवर वाढलेल्या मनाला नकळत एक सवय लागते. इशारा खरा होता की नाही, हे ते विनाशाकडे पाहून ठरवते. कुरुक्षेत्र झाले, म्हणून विदुर शहाणा. निनवेची कथा हा हिशेबच उलटा करते. तिथे सांगितलेले घडले नाही, आणि सांगितले म्हणूनच घडले नाही. ज्याचा इशारा पूर्ण यशस्वी झाला तो माणूस चारचौघांत खोटा दिसतो. योनाला तेच सोसवले नाही.

विसाव्या शतकात हा धागा हान्स योनास या जर्मन ज्यू तत्त्वज्ञाने उचलला. त्याची आई आउश्वित्झमध्ये मारली गेली. त्यामुळे ‘इतके वाईट काही होणार नाही’ या दिलाशाचे मोल त्याला ठाऊक होते. १९७९ च्या जबाबदारीविषयीच्या ग्रंथात त्याने म्हटले की माणसाच्या हाती आता पुढच्या पिढ्यांचे जगणे बिघडवण्याएवढी ताकद आली आहे, तेव्हा चांगले आणि वाईट अशी दोन भाकिते समोर असतील तर वाईटाकडे अधिक लक्ष द्यावे. संकट टळल्यावर इशारा देणाऱ्याला ‘कुठे काय झाले?’ म्हणून हिणवणे त्याला अन्यायाचे वाटत होते, कारण ते टळावे म्हणूनच तर तो बोलला होता. ओझोनच्या थराचे उदाहरण याच जातीचे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी फ्रिज आणि फवाऱ्यांतल्या वायूंचा धोका दाखवला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा थर विरळ झाल्याचे जाहीर झाले, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. जग त्यानुसार वागले आणि धोका उतरणीला लागला. आज ‘त्या ओझोनचे पुढे काय झाले?’ असे विचारणारी माणसे भेटतात.

पण योनासचा नियम डोळे मिटून पाळता येत नाही. १९६८ मध्ये पॉल एर्लिक यांनी लोकसंख्यावाढीवर पुस्तक लिहून सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील असे सांगितले. हरितक्रांती झाली, तसे घडले नाही. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांच्याशी त्यांनी पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली आणि दहा वर्षांनी ५७६ डॉलरचा धनादेश पाठवला. पर्यावरणवाद्यांना हे उदाहरण आवडत नाही. त्यांनी ते टाळू नये. त्या भाकिताच्या सावलीत गरीब देशांतल्या बायकापुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली, आणीबाणीतल्या भारताने ती पाहिली आहे. इशारा चुकू शकतो, आणि चुकल्यावर त्याचे घाव बहुधा दुबळ्यांच्याच अंगावर उठतात. म्हणूनच त्यावर शंका घेण्याचा, उलट विचारण्याचा लोकांचा हक्क मान्य करावा लागतो. शंका घेणारा प्रत्येक जण धरतीचा वैरी नसतो.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, वायनाडमधल्या मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या वाहून गेल्या. मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. मधल्या काळात २०१८ चा केरळचा महापूर, आणि दरडी: २०१९ मध्ये पुथुमला आणि कवळप्पारा, २०२० मध्ये पेट्टिमुडी, २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये, २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत एकच मथळा आला: गाडगीळ खरे ठरले.

हे वाक्य अर्धे खरे आहे. मुंडक्कई आणि चूरलमला ज्यात येतात तो वैथिरी तालुका पहिल्या स्तरात होता आणि तिथल्याच मेप्पाडीचे नाव अहवालातल्या नाजूक जागांत होते, हे नाकारता येणार नाही. पण अहवाल म्हणजे दरडींचे भाकीत नव्हते. वायनाडमध्ये त्या दिवशी पडलेला पाऊस हवामानबदलामुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढलेला होता, असे आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचे अनुमान आहे, आणि तो बदल काही मेप्पाडीच्या शेतकऱ्याने घडवलेला नाही. इर्शाळवाडी तर सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. तिथे कोणताही अहवाल कोणाला वाचवू शकला नसता. आणि मृतांची यादी पुढे करून वाद जिंकणे ही गोष्टच मनाला खटकते. वायनाडच्या चहाच्या मळ्यांतले मजूर, इर्शाळवाडीचे ठाकर आदिवासी यांनी कोणत्या अहवालाला विरोध केला होता? ‘सांगितले होते ना?’ म्हणणारा माणूस नगराबाहेर जाऊन बसलेल्या योनाच्या शेजारी बसतो. त्याला निनवेपेक्षा आपला शब्द मोठा वाटू लागलेला असतो.

गाडगीळांची स्वतःची वाट तशी नव्हती, आणि या साऱ्या वादात नेमके तेच हरवले. १९७० च्या दशकात त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेली ही वने. तिथली वाळकी काटकीसुद्धा न उचलण्याचा कित्येक गावांचा रिवाज. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई वनखात्याने तोडीसाठी धरली, तेव्हा ती वाचवा म्हणून गावकरीच पुढे आले. आमच्या ओढ्याचे पाणी या राईमुळे टिकते, असे त्यांचे म्हणणे होते. इथे देवीचा धाक आणि पाण्याचे ज्ञान वेगवेगळे काढता येत नाही. त्यांच्याशी बोललेल्या शास्त्रज्ञाला, लोकांना डोंगरातले काही कळत नाही, असे पुढे कधी म्हणता आले नसते. देवराया भोळ्या श्रद्धेवर सोडून द्याव्यात असे मात्र नाही. देवळाचा जीर्णोद्धार करायचा म्हणून त्याच राईतली झाडे विकल्याचीही उदाहरणे आहेत, म्हणजे श्रद्धा शाबूत राहून राई गेली. राई टिकली ती जिथे गाव एकत्र बसून ठरवत होते तिथे.

गाडगीळ अहवालातली ग्रामसभेची अट याच अनुभवातून आली होती. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या पंचवीस ग्रामसभांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्र करा असे ठराव करून समितीकडे मागणी केली होती. लोहखनिजाच्या खाणींनी शेजारच्या गोव्यातले डोंगर, शेते आणि झरे यांचे काय केले, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. निर्बंध लोकांवर लादले जातात, हे गृहीतच त्या ठरावांनी मोडीत काढले. कस्तुरीरंगन समितीने मात्र उपग्रहाची चित्रे घेऊन घाटाची ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ अशी विभागणी केली, सुमारे ३७ टक्के भाग राखायचा ठरवला आणि आर्थिक निर्णयांत स्थानिकांना वाव ठेवला नाही. गाडगीळांनी मे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांना खुले पत्र लिहून यावर तीव्र नापसंती कळवली. दोन अहवालांतला फरक क्षेत्रफळाचा म्हणून सांगितला जातो. खरा फरक माणसांवरच्या विश्वासाचा आहे. एक इशारा लोकांच्या हाती देऊ पाहत होता, दुसरा अधिकाऱ्यांच्या.

ख्रिस्ती धर्माला या वादात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची रीत जुनी आहे. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी लिहिले की पृथ्वीवर सत्ता गाजवण्याचा माणसाला मिळालेला बायबलमधला अधिकार हे आजच्या पर्यावरणसंकटाचे एक मूळ आहे. पण त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणशास्त्राचा आश्रयदाता संत माना असे सुचवले, आणि १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तशी घोषणा केली. २०१३ मध्ये, इडुक्कीतले आंदोलन पेटण्याच्या काही महिने आधी, नव्या पोपनी तेच नाव धारण केले. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीचे आर्त आणि गरिबांचे आर्त वेगळे नाही अशी भूमिका घेतली आणि जमीन कसण्याबरोबर ती राखण्याचीही आज्ञा आहे याची आठवण दिली.

त्यासाठी रोमपर्यंत जायलाही नको. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून शेते, वाड्या आणि गोड्या पाण्याच्या विहिरींसाठी वर्षानुवर्षे लढा दिला, बिल्डर आणि राजकारण्यांचा रोष ओढवून घेतला. बायबल सुबोध मराठीत आणणारा हा धर्मगुरू २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि २०२४ च्या जुलैत, वायनाडच्या दुर्घटनेच्या काही दिवस आधी गेला. एकच चर्च, एकच ग्रंथ. एका डोंगरावर विरोध आणि एका किनाऱ्यावर संरक्षण. या फरकाचे कारण धर्मशास्त्रात सापडणार नाही. वसईच्या शेतकऱ्याला राखणे म्हणजे आपली वाडी टिकणे असे दिसत होते. इडुक्कीच्या शेतकऱ्याला राखणे म्हणजे आपली वाडी जाणे, असे सांगण्यात आले आणि तसे होणार नाही याची लेखी हमी कोणी दिली नाही. दोघांची जमिनीवरची माया सारखीच होती.

वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना काढली. ही सहावी. क्षेत्र तेच, ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत. हरकत नोंदवायची होती ती नागरिकाने एकेकट्याने, लेखी, दिल्लीला. गावाने चावडीवर बसून मसुदा मराठीत, मल्याळममध्ये किंवा कन्नडमध्ये वाचावा, कुठला उतार राखायचा आणि त्या बदल्यात सरकारने काय द्यायचे ते ठरवावे, आणि त्या ठरावाला कायद्याने वजन असावे, अशी तरतूद त्या मसुद्यातही नव्हती. पंचवीस गावांचे ठराव होऊन एक तपाहून अधिक काळ लोटला आहे. ते ठराव ज्यांनी केले त्यांचे मन कोणाला वळवावे लागणार नव्हते. त्यांना फक्त सरकारचे उत्तर हवे होते.